बुडावरच्या खुणा : बडोद्यातल्या एका संग्रहाच्या कामाच्या नोंदी

११ नोव्हेंबर

दांडिया बाजारातल्या घरचा मातीच्या भांड्यांचा संग्रह मोजून घेतला. एकूण ६३ नग : ४१ स्टोनवेअर (जास्त तापमानाला घट्ट भाजलेले), १४ लाल भाजक्या मातीचे, ८ पोर्सेलीन किंवा तसे दिसणारे. बहुतेक भांडी एकेकट्या कलावंताने किंवा लहान कार्यशाळेत चाकावर घडवलेली आहेत. काही कारखान्यातली मिसळली आहेत, ती नंतर बाजूला काढू.

कामाचे टप्पे तीन. भांड्यावरची प्रत्येक खूण (सही, ठसा किंवा आकडा) जशी दिसते तशी नोंदवणे, सारख्या खुणांचे गट पाडणे आणि आधार असेल तिथेच कर्त्याचे नाव लिहिणे. पहिला टप्पा पुरा होईपर्यंत कोणीही नाव सुचवायचे नाही असे ठरले. एकदा नाव कानावर पडले की डोळा खुणेत तीच अक्षरे शोधू लागतो.

भांड्यांतून ३७ चिठ्ठ्या निघाल्या. त्यांवरची नावे आत्ता फक्त ऐकीव धरली आहेत, कारण चिठ्ठी कोणी आणि कधी लिहिली ते माहीत नाही. पण कुठली चिठ्ठी कुठल्या भांड्यात होती हे हात लावण्याआधी फोटोसह लिहून घेतले. चिठ्ठी एकदा जागची हलली की तिचा भांड्याशी असलेला संबंध पुन्हा जोडता येत नाही.

टेबलावर बोटभर जाडीचा फोम, त्यावर धुतलेली सुती चादर. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवायचे. झाकण आधी वेगळे. भांडे पालथे करण्यापूर्वी आत हात फिरवून सुटे काही नाही ना ते पाहायचे. कान धरून किंवा तोटी धरून काहीही उचलायचे नाही, कारण सांधा आतून तडकलेला असला तरी बाहेरून ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, त्याला झाकून ठेवतो.

हत्यारे : १० पट भिंग, लहान टॉर्च, प्लॅस्टिकच्या जबड्याचा व्हर्नियर, मिलिमीटरची पट्टी, फोटोतला रंग ताडायला करडे कार्ड, ४बी पेन्सिल, पातळ बटर पेपर, स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियम फॉइल, कानकोरणीचा कापूस, डिस्टिल्ड वॉटर. नोंदणी क्रमांक ब-०१ ते ब-६३, तूर्त सुती दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने.

१३ नोव्हेंबर

बुडे साफ केली. ग्लेझ नसलेला भाग सच्छिद्र असतो, त्यामुळे तिथे पाणीसुद्धा बेताने. डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेला कापूस एकाच दिशेने फिरवायचा, चोळायचे नाही, मळला की बदलायचा. बहुतेक ठशांतली धूळ एवढ्यानेच निघाली.

नऊ भांड्यांच्या बुडावर पांढरे कडक पापुद्रे आहेत. ती फुलदाणी म्हणून किंवा कुंडीखाली वापरली गेली आणि जड पाण्यातला क्षार सुकत सुकत साठला. घरात अशा वेळी पहिला हात व्हिनेगरकडे किंवा लिंबाकडे जातो. ते टाळले. आम्ल क्षार काढते, पण मऊ ग्लेझची चमकही खाते, आणि लाल मातीच्या भांड्यावरच्या ग्लेझमध्ये शिसे असू शकते. ओल्या कापसाची घडी पापुद्र्यावर वीस-वीस मिनिटे ठेवून बांबूच्या काडीने सैल झाले तेवढेच काढले. ब्लीचचा तर विचारही नको. त्याचे क्षार मातीत शिरतात, महिन्यांनी स्फटिक होऊन वर येतात आणि ग्लेझचे टवके उडवतात.

दोन बरण्यांच्या बुडाला लोणच्याचे तेल मुरले आहे. काळा डाग ठशावरच आहे, पण ठसा खोल असल्यामुळे वाचता येतो. डाग तसाच ठेवला.

एक चूक झाली. ब-०९ या मॅट पांढऱ्या थाळ्याची कड मोजताना हाताशी पडलेला स्टीलचा व्हर्नियर वापरला गेला आणि कडेवर दोन करड्या रेघा उठल्या. मॅट ग्लेझचा पृष्ठभाग कानशीसारखा असतो, तो धातू खरवडून स्वतःवर ओढून घेतो. मऊ पांढऱ्या खोडरबराने एक रेघ गेली, दुसरी पुसट राहिली. वहीत तशी नोंद केली आहे, म्हणजे पुढे कोणी ती जुनी झीज समजणार नाही. स्टीलचा व्हर्नियर टेबलावरून हटवला.

१७ नोव्हेंबर

कारखान्यातले नग वेगळे काढले : ११. छापील खूण, सगळीकडे एकसारखी, बहुधा ग्लेझखाली निळ्या किंवा काळ्या रंगात. भिंगाखाली रेघेला ब्रशचा जाड-बारीकपणा दिसत नाही. साच्यातल्या भांड्याला आतून बोटांची वळी नसतात आणि बाहेर बारीक शिवण सापडते.

यांचा काळ ढोबळ लावता येतो. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे १८९१ पासून आयात मालावर देशाचे नाव लागू झाले, म्हणून नुसते ‘इंग्लंड’ असलेली बशी साधारण त्यानंतरची आणि ‘मेड इन इंग्लंड’ असलेली बहुतेक विसाव्या शतकातली. ‘निप्पॉन’ १९२१ पर्यंत, पुढे ‘जपान’. इंग्लंडमधली चौकटीच्या एक्क्यासारखी नोंदणीखूण १८४२ ते १८८३ ची. १८८४ पासून तिच्या जागी नुसता नोंदणी क्रमांक येतो. तो नमुन्याच्या नोंदणीचा असतो, ते भांडे त्याच वर्षी बनले असा त्याचा अर्थ नाही. या ११ नगांवर यापेक्षा जास्त वेळ घालवायचा नाही.

१९ नोव्हेंबर

खूण कधी केली हे तिच्या कडा सांगतात. आज २८ खोदीव खुणा फक्त याच नजरेने पाहिल्या.

माती ओली असताना काडीने कोरले तर रेघेच्या दोन्ही बाजूंना मातीची वरंबी उठते आणि रेघेच्या शेवटी छोटा गोळा साठतो. लेदरहार्ड, म्हणजे घट्ट झालेली पण ओल धरून असलेली माती कोरली तर कडा स्वच्छ येते आणि तळ गुळगुळीत लागतो. पुरती सुकलेली माती कोरली तर कडेला बारीक टवके निघतात आणि रेघ थरथरल्यासारखी दिसते. या तिन्ही रेघा भट्टीतून गेलेल्या असतात, म्हणून त्यांच्या आतला रंग बाजूच्या मातीइतकाच भाजलेला दिसतो. भाजल्यानंतर ओरखडलेली रेघ मात्र आतून फिकी, भुकटी झालेली आणि ग्लेझवर असेल तर शिंपल्यासारखी फुटलेली असते.

ब-४४ चा उलगडा यातूनच झाला. मोठा तपकिरी वाडगा, बुडावर ठिपक्या-ठिपक्यांनी लिहिलेली तीन देवनागरी अक्षरे. चिठ्ठीत त्याच अक्षरांवरून एका कलावंताचे नाव लावले आहे. भिंगाखाली प्रत्येक ठिपका म्हणजे काचेचा फुटलेला खळगा दिसतो आणि आत भट्टीचा रंग नाही. हे भांडीवाल्याच्या यंत्राने घातलेले नाव आहे. लग्नात आलेल्या पातेल्यांवर, डब्यांवर नावे घालतात, तसे कोणीतरी हेही भांडे सोबत देऊन घालून घेतले. म्हणजे ती मालकाची खूण. वाडग्याचा कर्ता अजून मिळायचा आहे, पण भांडे त्या घरात कसे वागवले गेले ते या ठिपक्यांतून कळते, म्हणून नोंदीत ‘मालकाची खूण’ हा वेगळा रकाना घातला.

२४ नोव्हेंबर

ब-२३ वर अडलो. नऊ सेंटिमीटर व्यासाची वाटी, अपारदर्शक पांढरे ग्लेझ, जाड साठले आहे तिथे निळसर. भाताच्या तुसाच्या राखेचे ग्लेझ असे दिसते, कारण त्या राखेत सिलिका भरपूर असते. बुडाच्या कडीच्या (भांडे ज्यावर टेकते त्या गोल पायाच्या) आत तपकिरी-काळ्या रंगाने काढलेली एकच आकृती : वर वळण, खाली उजवीकडे उतरणारी शेपटी. चिठ्ठीवर र पासून सुरू होणारे नाव आहे.

बडोद्यात हा घोळ नेहमीचा आहे. ही आकृती देवनागरी र असू शकते, शिरोरेषा काढलीच नसेल किंवा पुसली गेली असेल तर. गुजराती र ला शिरोरेषा मुळातच नसते. त्यात गुजराती २ चा आकडा आणि गुजराती र जवळजवळ एकच दिसतात, आणि देवनागरी २ सुद्धा फार दूर नाही. म्हणजे एका खुणेची चार वाचने. नोंदीत अक्षर लिहिले नाही, आकृती काढली आणि चारही वाचने लिहिली.

रंग पाहिला. ओल्या कापसाने निघत नाही, मातीत मुरलेला आहे : आयर्न ऑक्साइड किंवा साधा गेरू. पेन्सिल किंवा पेनची शाई भट्टीत जळून जाते, म्हणून भट्टीत टिकायला हवे असे काही लिहायचे तर कुंभार ऑक्साइड वापरतो. सही तशी करतात, आणि ग्लेझच्या चाचणीचे आकडेही तसेच लिहितात. दोन्ही शक्यता उघड्या ठेवल्या.

२५ नोव्हेंबर

ब-२४ आणि ब-३१ या वाट्या ब-२३ च्या शेजारी ठेवल्या. तिन्हींचा घाट, व्यास आणि बुडाची छाटणी सारखी. ग्लेझ एकाच जातीचे, पण पांढरेपणा कमी-जास्त. ब-२४ वर त्याच ब्रशने ७, ब-३१ वर ११. दोन्ही वाचायला काही अडचण नाही. म्हणजे ब-२३ वरचा तो २ आहे. ग्लेझच्या मिश्रणात एखादा घटक वाढवत नेऊन घेतलेल्या चाचणीचे हे क्रमांक दिसतात. र वरून लावलेले नाव गळाले.

आकडे देवनागरी की गुजराती, हे अजून ठरत नाही. १, २ आणि ७ दोन्ही लिप्यांत इतके जवळ आहेत की हाताने लिहिल्यावर फरक उरत नाही. पाचाचा आकडा मिळाला तर लगेच ठरेल : देवनागरी ५ वेगळाच असतो, गुजराती पाच मात्र शिरोरेषा नसलेल्या प सारखा दिसतो. बाकी नग तपासले, पाच कुठे नाही.

२९ नोव्हेंबर

ब-१२, कान असलेला झाकणाचा सूप वाडगा. स्टोनवेअर, बाहेर तपकिरी, आत फिके ग्लेझ. कानाच्या मुळाशी लहान ठसा : इंग्रजी एस, त्यावरून जाणारी उभी आय, दोन बाजूंना टिंबे. हा सेंट आइव्ह्जच्या लीच पॉटरीचा कार्यशाळेचा ठसा. चिठ्ठीवर ‘बर्नार्ड लीच, १९२०’.

दोन्ही गोष्टी सुधारल्या. १९२० हे इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच आणि जपानी कुंभार शोजी हमादा यांनी इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये ही पॉटरी सुरू केल्याचे वर्ष आहे, वाडग्याचे नाही. रोजच्या वापराच्या भांड्यांची ठरावीक मालिका तिथे १९३० च्या दशकाच्या अखेरीनंतर आकाराला आली आणि लीच १९७९ साली वारले तोवर चालू होती. हा वाडगा घाटावरून त्या मालिकेतला. तिथे अनेक हात काम करायचे, एकाने चाकावर ओढायचे, दुसऱ्याने कान लावायचे. लीच यांच्या स्वतःच्या भांड्यावर साधारणपणे बी एल ही अक्षरे आणि कार्यशाळेचा ठसा असे दोन्ही सापडते. इथे एकच आहे. नोंद : ‘लीच पॉटरी, सेंट आइव्ह्ज, मालिकेतले भांडे, घडवणारा हात अज्ञात.’ किमतीच्या दृष्टीने ही उतरण मोठी आहे. घरच्या काकूंना ती आजच स्पष्ट सांगितली, छापील यादीतून कळण्यापेक्षा हे बरे.

कार्यशाळेचा ठसा आणि व्यक्तीचा ठसा यांतला फरक आपल्याकडच्या भांड्यांनाही लागू आहे. पुदुच्चेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीत (रे मीकर आणि डेबोरा स्मिथ, १९७१) शिकून बाहेर पडलेल्यांनी पुढे आपापली कामे उभी केली. बडोद्यात फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्स १९५० साली सुरू झाली, ज्योत्स्ना भट्ट यांनी तिथे अनेक वर्षे सिरॅमिक्स शिकवले, आणि विद्यार्थ्यांची भांडी फाइन आर्ट्स फेअरमधून शहरातल्या घराघरांत गेली. एकाच विभागात माती तीच, ग्लेझच्या बादल्या त्याच, भट्टी तीच. त्यामुळे माती आणि ग्लेझ जुळले की ‘बडोद्याचे’ एवढे म्हणता येते. त्यापुढे जाऊन ज्योत्स्नाबेनचे नाव लावायला निराळा पुरावा हवा. या संग्रहातल्या सहा चिठ्ठ्यांवर त्यांचे नाव आहे, सहाही नग ‘खूण नाही, निश्चिती नाही’ असे नोंदवले.

ब-५० हा जपानी चहाचा वाडगा, खूण नाही, लाकडी पेटीत. खूण नसणे हा दोष नाही : जपानला परतल्यानंतर हमादा स्वतःच्या भांड्यांवर खूण करत नसत, पेटीच्या झाकणावर ब्रशने लिहीत. पेटी आणि वाडगा यांना एकच क्रमांक दिला, ब-५० अ आणि ब. पेटीवरचा मजकूर जपानी वाचणाऱ्याकडून वाचून घेईपर्यंत नाव नाही.

५ डिसेंबर

खूण नसलेल्या १६ नगांची दुसरी फेरी, तिरक्या उजेडात. खोली अंधारी करून टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवायचा, दहा-पंधरा अंशांचा कोन, आणि चारही बाजूंनी एकेक फोटो. समोरून टाकलेल्या प्रकाशात उथळ ठसा सपाट होऊन नाहीसा होतो, तिरक्यात त्याची सावली पडते. फक्त बूड पाहून थांबायचे नाही. कडीच्या वर, भांड्याच्या अंगावर, कानाच्या मुळाशी आणि झाकणाच्या आतही पाहायचे.

ठसा ग्लेझखाली असेल तर ग्लेझची जात महत्त्वाची. फिकट हिरवे पारदर्शक सेलॅडॉन खळग्यात साठून गडद होते, ठसा उलट उठून दिसतो. काळ्या-तपकिरी टेनमोकूत कडेवर ग्लेझ पातळ होऊन गंजाचा रंग फुटतो, तिथेही वाचता येते. अपारदर्शक पांढरे मात्र सगळे बुजवते.

आणि पांढऱ्यातच सापडले. ब-२३ च्या बाहेरच्या अंगावर, कडीच्या वर बोटभर अंतरावर, साय धरल्यासारखा हलका चौकोनी खळगा. उजेडात रोज हाताळूनही कोणाला दिसला नव्हता. टॉर्च डावीकडून धरल्यावर चौकट आली, खालून धरल्यावर आतले. फॉइलचा तुकडा ठेवून कापसाच्या बोंडाने हलके दाबत आकार उठवला. ग्लेझ असल्यामुळे फॉइल चालते. उघड्या मातीवर असता तर बटर पेपर आणि ४बी पेन्सिलीने घासणी घेतली असती. प्लॅस्टिसिन किंवा मेण कुठेच नाही, त्यातले तेल माती पिते.

चौकटीत एक उभी रेघ, तिच्या उजवीकडे चंद्रकोर, कोरीचे तोंड रेघेकडे, वर एक टिंब. बुडाखालचा ठसा चारही बाजूंनी फिरवून पाहावा लागतो, कारण वर कुठले ते कळत नाही. हा अंगावर असल्यामुळे भांडे उभे ठेवले की दिशा ठरते. गटाचे नाव ‘कोर’.

ब-२४, ब-३१ वर त्याच जागी तोच ठसा. मग मुद्दाम शोधत गेल्यावर ब-०६ (थाळा), ब-१७ (लाल मातीची झाकणाची बरणी) आणि ब-३३ (फुलदाणी). एकूण सहा.

१४ डिसेंबर

‘कोर’ ठशांची मापे. प्रत्येकी तीन वेळा मोजून मधले घेतले, चूक ०.२ मिलिमीटरपर्यंत धरली.

स्टोनवेअरच्या पाचही नगांवर चौकट ८.७ ते ८.९. ब-१७ या लाल मातीच्या बरणीवर ९.३. पहिल्यांदा वाटते की ठसे दोन असावेत. पण माती सुकताना आणि भाजताना आक्रसते, आणि ठसा तिच्यासोबत लहान होतो. १२५० अंशांच्या पुढे भाजलेले स्टोनवेअर ओल्यापासून साधारण १२ टक्के आक्रसते, कमी तापमानाची लाल माती ७ टक्क्यांच्या आसपास. मूळ शिक्का १० मिलिमीटरचा धरला तर एकावर ८.८ आणि दुसरीवर ९.३ येते, म्हणजे आपली मापे. शिवाय रुंदी-उंचीचे प्रमाण सहाही ठिकाणी सारखे आहे. शिक्का एकच. ठसे ताडताना प्रमाण बघावे, नुसते माप फसवते.

हेच गणित बनावट ठसा ओळखायला उलटे लावतात. खऱ्या भांड्यावरच्या ठशाचा साचा घेऊन नवा शिक्का केला तर तो आधीच आक्रसलेल्या मापाचा असतो, आणि नव्या मातीवर तो पुन्हा आक्रसतो : १० चा ८.८, त्याचा पुढे ७.७. कडाही बोथट येतात. जुळणाऱ्या मातीवर ठसा दहा-बारा टक्के लहान भरला तर थांबावे. अर्थात कोणी नवा शिक्का मोजून कोरला तर हे माप मदत करत नाही, तिथे बूड, वजन आणि ग्लेझच बोलतात. १९८० च्या सुमारास इंग्लंडमधल्या एका तुरुंगातल्या मातीकामाच्या वर्गात लीच यांच्या खुणेची भांडी बनली आणि लंडनच्या लिलावांत खरी म्हणून विकली गेली. तिथे खूण पाहून भांडे स्वीकारले गेले. भांडे पाहून मग खूण वाचावी, हा क्रम इथे प्रत्येक नोंदीत पाळला आहे : आधी माती, बूड, वजन, ग्लेझ, ठशाचा रकाना शेवटी.

२२ डिसेंबर

‘कोर’ गटाची बुडे शेजारी शेजारी पालथी घालून पाहिली. सहाही कड्या आतून तिरक्या छाटलेल्या, बाहेरच्या कडेला बोटाने काढलेली बारीक उतरंड. छाटणीच्या हत्याराचे टोक किंचित दातरे असावे : प्रत्येक बुडावर दोन समांतर रेघा, त्यांत सारखेच अंतर. शिक्का उसना घेता येतो, छाटणीची सवय घेता येत नाही. ठसा आणि हात एकाच व्यक्तीचे मानायला हा आधार पुरेसा वाटतो.

माती : स्टोनवेअरची फिकी करडी, सौराष्ट्रातल्या थानगढच्या मातीसारखी, कडेला नारिंगी झाक. भट्टीत हवा कोंडून भाजल्याची खूण.

३ जानेवारी

नग वाढला. मिठासाठी वापरात असलेली एक वाटी काकूंनी ओट्यावरून आणून दिली. घाट तोच, पांढरे ग्लेझ, अंगावर ‘कोर’. आता ब-६४. साध्या पाण्यात तीनदा बुडवून मीठ काढले, शेवटी डिस्टिल्ड वॉटर, दोन दिवस सावलीत सुकवली. स्टोनवेअर घट्ट भाजलेले असल्यामुळे मिठाने काही बिघडले नाही. लाल मातीची असती तर कडीचा चुरा झाला असता.

बुडावर १५. पाचाचा आकडा शिरोरेषेविना प सारखा. म्हणजे आकडे गुजराती. चाचणी लिहिणारा हात गुजराती लिहीत होता. कर्ता गुजरातीच होता असे यातून सिद्ध होत नाही, मदतनीसाने आकडे टाकले असतील. तेवढेच लिहिले.

याच वाटीवरचा ठसा सर्वांत स्पष्ट आहे, आणि त्यामुळे एक गोष्ट पहिल्यांदा नीट दिसली : चौकटीची रेघ डाव्या खालच्या कोपऱ्यात तुटते. शिक्के बहुधा भाजक्या मातीचे असतात आणि कोपरा पडला की त्यानंतरच्या प्रत्येक ठशात तो नसतो. बाकी सहा ठसे पुन्हा काढले. इथे घाई घातक, कारण शिक्का तिरका दाबला तरी एक कोपरा उमटत नाही. फरक असा : नीट न दाबलेल्या ठशात रेघ हळूहळू उथळ होत विरते, शिक्काच फुटला असेल तर रेघ पूर्ण खोलीवर असताना एकदम थांबते आणि तिचे टोक प्रत्येक वेळी त्याच कोनात तुटलेले असते.

निकाल : ब-६४, ब-२३, ब-२४, ब-३१ आणि ब-३३ फुटक्या कोपऱ्याचे. ब-१७ चा कोपरा शाबूत. ब-०६ वर ग्लेझ इतके जाड की ठरवता येत नाही, फॉइलचे तीन उठाव घेतले, तिन्ही अनिर्णित. म्हणजे लाल मातीची बरणी आधीची, पांढऱ्या ग्लेझच्या चाचण्या नंतरच्या. वर्ष एकही मिळाले नाही, पण क्रम मिळाला, आणि या क्रमावर पुढे कोणी बिल, फोटो किंवा तारीख असलेले भांडे आणले तर ते बरोबर जागी बसेल.

१२ जानेवारी

कायमचे क्रमांक घातले. बुडाच्या कडीच्या आत, ठशापासून किमान एक सेंटिमीटर दूर. आधी पॅरालॉइड बी-७२ (पुन्हा काढता येणारी पारदर्शक राळ) हिचा अ‍ॅसिटोनमधला थर, सुमारे १५ टक्के, पूर्ण सुकू द्यायचा. त्यावर काळ्या शाईने क्रमांक. वर दुसरा थर. खालचा थर चुकवला तर शाई सच्छिद्र मातीत उतरते आणि परत निघत नाही. खिडक्या उघड्या ठेवल्या, गॅस बंद. ब-५० वर क्रमांक नाही, तो पेटीतल्या कापडी पट्टीला शिवला.

उत्तरायणाचे, म्हणजे इथल्या संक्रांतीचे, दोन दिवस घर भरलेले असणार आणि जिन्यावरून गच्चीपर्यंत मुलांची ये-जा, म्हणून सगळे नग आजच खोक्यांत. वर्तमानपत्राची शाई मॅट ग्लेझला लागते, त्यामुळे साधा कोरा कागद आणि मऊ सुती कापड. वाट्या एकात एक घातल्या नाहीत. ‘कोर’ गटाचे सातही नग एका खोक्यात, घासण्या आणि फॉइलचे उठाव त्याच खोक्यात वेगळ्या सपाट डबीत, कारण फॉइलवर बोट पडले की ठसा गेला.

ब-०६ राहिला आहे. त्याच्या ठशाचे चारही बाजूंनी तिरक्या उजेडातले फोटो १७ तारखेला पुन्हा घ्यायचे, या वेळी टॉर्चपुढे काळ्या कागदाची अरुंद फट लावून.